आठवी तार

सप्टेंबरातला सकाळचा प्रकाश आमच्या घरात एकदम येत नाही. तो आधी सामुद्रधुनीच्या पाण्यावर बराच वेळ रेंगाळतो. इतका, की आज तो तिथूनच परत जाईल असं वाटावं. मग टेबल केप भूशिराच्या उतारावर, जिथे ट्यूलिपचे पट्टे या दिवसांत अजून हिरवेच असतात, एक फिकट कड उमटते. तिथून खाली गावातली पत्र्याची छपरं एकेक करून उजळतात आणि त्यांच्यावरचं दव वाफ होऊन वर जाऊ लागतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी तो पोचतो तेव्हा त्याला कोणताच रंग नसतो. आधी तो किटलीच्या पोटावर टेकतो. मग टेबलावरच्या पावाच्या चुऱ्यावर, बाबाने रात्री काढून ठेवलेल्या चष्म्यावर, खुर्चीच्या पाठीवर. नंतर तो बोळात शिरतो, आणि तिथे मात्र त्याला पिवळेपणा येतो. बहुधा लाकडी भिंतींच्या जुन्या रंगामुळे. मागच्या खोलीचं दार उघडं असेल, तर सातच्या थोडं आधी तो त्या खोलीच्या जमिनीवरून सरकत समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी जातो आणि तिथल्या पांढऱ्या सॉकेटवर तीन-चार मिनिटं थांबतो. सॉकेट किंचित तिरका बसला आहे. एरवी ते कळत नाही. त्या तीन-चार मिनिटांत त्याची सावली भिंतीवर पडते, आणि मग तिरकेपणा लपत नाही.

मी रोज ते पाहतो. रोज पाहतो आणि कामाला निघून जातो.

ती खोली ब्रायनीची, माझ्या थोरल्या बहिणीची. ती मेलबर्नला असते आणि पक्ष्यांचे माहितीपट जुळवते: महिनोन्‌महिने कुणीतरी बेटांवर बसून चित्रित केलेलं सगळं तिच्यापुढे येऊन पडतं आणि ती त्यातून एक तास निवडते. गेल्या नाताळात ती इथे आली तेव्हा तिच्या मनात परत यायचं होतं. तिने तसं म्हटलं नव्हतं, पण आपला चहाचा कप तिने खुंटीला टांगून ठेवला होता. तिने सामानाबरोबर चित्रफिती साठवायची मोठी पेटी आणली. पेटी सारखी घुमते, आणि ब्रायनीला तर पाखरांच्या आवाजातला श्वाससुद्धा ऐकू यावा लागतो. म्हणून ती बोळाच्या टोकाच्या कपाटात ठेवली. मध्ये विटांचं धुराडं आहे, बिनतारी जोडणी त्यापुढे टिकत नाही. तेव्हा कपाटापासून मागच्या खोलीपर्यंत जमिनीखालून गेलेली जुनी केबल हाच एक रस्ता होता. एका दिवसाचं चित्रण त्या रस्त्याने यायला दहा तास लागले. तिसऱ्या दिवशी तिने कप धुऊन पिशवीत भरला.

"इथं नाही जमायचं, फर्ग," ती म्हणाली. "मी नुसती वाट बघत बसते. वाट बघायला मेलबर्न काय वाईट आहे?"

सप्टेंबरच्या सुरुवातीला तिचा फोन आला. घरमालकाला महिनाअखेर कळवायचं होतं. एकतर आणखी दोन वर्षांचा करार, नाहीतर घर रिकामं. "मी शुक्रवारच्या बोटीने येते," ती म्हणाली. "एकदा शेवटचं करून बघते. जमलं तर मागची खोली माझी. नाही जमलं तर सही करते आणि हा विषय संपला."

"जमेल," मी म्हणालो. "मी नवीन केबल टाकतोय."

केबल टाकणं हाच माझा धंदा आहे. गेली सात वर्षं बर्नीपासून स्मिथटनपर्यंत मी लोकांच्या घरांखाली, लाकडी जमिनीच्या खालच्या हातभर पोकळीत, पोटावर सरपटतो आहे. बोलायचं कमी असतं, म्हणून मला ते काम आवडतं. माणसांपेक्षा घरांच्या पोटातला अंधार मला अधिक ओळखीचा वाटतो; तिथे कुणी तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा करत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी नव्या केबलचं वेटोळं घेऊन आलो. जाड, निळी, जुनीच्या दहापट वेगाची. बाबा लाकडावर चालणाऱ्या हीटरसमोर बसून लाकडाच्या ढलप्या करत होता. तीस वर्षं त्याने बटाट्याचे ट्रक चालवले. आता निवृत्तीत त्याचे हात दुसरं काही मागत नाहीत, फक्त काहीतरी कापायला मागतात.

"हे काय, बोट बांधायचा दोर आणलास?" तो म्हणाला.

"केबल आहे, बाबा. ब्रायनीसाठी."

"आणि आपली आहे ती?"

"ती जुनी झाली."

"मी पण जुना झालो. मला पण ओढून काढणार का?"

मी हसलो नाही. तो पुढे म्हणाला, "बारा वर्षं झाली तिला. उंदराने खाल्ली नाही, पाण्यात कुजली नाही. आणि टाकली कुणी होती? विसरलास?"

विसरणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे भिंतीआडची केबल नोंदणी असलेल्या माणसानेच टाकायची असा कायदा आहे, आणि निम्म्या गावाने तो आपापल्या घरात गुपचूप मोडलेला आहे. मी पंधरा वर्षांचा असताना आम्हीही मोडला. त्याच वर्षी आई दुसऱ्या संसारासाठी क्वीन्सलँडला गेली होती, आणि घरात तिघांपैकी कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. बाबाने एक दिवस कुठूनतरी केबल आणली आणि मला म्हणाला, तू बारीक आहेस, तू खाली जा. मी खाली गेलो. तो वरून फटींतून बॅटरी दाखवत होता आणि मी त्या उजेडाच्या रेघांमागे सरपटत होतो. दोन्ही टोकांचे सॉकेट मीच बसवले. त्यानंतर हिरवळीवर चेंडू घरंगळवतात त्या बोल्स क्लबात, बेकरीत, पेट्रोल पंपावर, जिथे माणूस भेटेल तिथे बाबा सांगत सुटला की माझ्या पोराने पंधराव्या वर्षी घरात केबल टाकली. बेकायदा काम इतक्या मोठ्याने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी या धंद्यात आलो तो त्या एका वाक्याच्या जोरावर.

"हिला वेग पुरत नाही," मी बाबाला म्हणालो. "काळ बदलला."

"मग त्या नव्या केबलने माझ्या बातम्या लवकर लागतील?"

"नाही. बाहेरून घरात जेवढं येतं तेवढंच येणार. ही फक्त घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत."

"म्हणजे फक्त ब्रायनीसाठी."

"फक्त ब्रायनीसाठी."

तो ढलप्या करत राहिला. मग म्हणाला, "टाक बाबा. पण जुनी फेकू नकोस."

बुधवारी शेजारच्या ग्लेनिसने मला कुंपणावरून हाक मारली. ती सत्तरीची आहे, गावातल्या शाळेत तिने मलाही शिकवलं आहे, आणि अजूनही ती माझ्याशी बोलताना वाक्य पूर्ण होईपर्यंत वाट पाहते. पर्थमधला तिचा नातू फोनच्या पडद्यावर दर मिनिटाला गोठत होता. बर्नीतल्या एका दुकानदाराने तिला माहितीपत्रक दिलं होतं: घरभर नवीन केबल, दहापट वेग.

"फर्गस, मला हे लागेल का? खरं सांग. तुझा फायदा बघू नकोस."

"तुम्हाला नाही लागणार, मिसेस डोर्नॉक," मी म्हणालो. "बहुतेक घरांना नाही लागत. फोनवर बोलायला, सिनेमा बघायला आहे ती केबलसुद्धा जास्तच होते. आधी बघू द्या, अडतंय कुठे."

मी माझं पिवळं तपासणी यंत्र तिच्या दिवाणखान्यातल्या सॉकेटला लावलं. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या जोडीने पीळ दिलेल्या. यंत्रावर आठ हिरवे दिवे लागले पाहिजेत. सातच लागले. सॉकेट उघडला, तर मागे एक तार नीट बसलेलीच नव्हती; आठातली एक गेली की वेग निमूटपणे दहाव्या हिश्श्यावर उतरतो, आणि कुठेही काही तुटल्याचं दिसत नाही. मी टोक कापलं, जोड पुन्हा केला, आठवा दिवा लागला. सगळं मिळून दहा मिनिटं.

"एवढंच?" ग्लेनिस म्हणाली.

"एवढंच. बहुतेक वेळा एवढंच असतं. केबल बिघडत नाही, जोड बिघडतो."

तिने माझ्यापुढे चहा आणि आल्याचं बिस्किट ठेवलं आणि खिडकीतून आमच्या ओसरीकडे पाहिलं. "मग तुमच्या दारात ते निळं भेंडोळं कशाला पडलंय?"

"आमचं वेगळं आहे. ब्रायनीचं काम जड असतं."

"तुमच्याकडे लावून बघितलंस का हे पिवळं यंत्र?"

"तिथं गरज नाही," मी म्हणालो.

ती गप्प राहिली. शाळेतही ती अशीच गप्प राहत असे, फळ्यावरचं उत्तर चुकलेलं असलं की.

गुरुवारी मी घराखाली गेलो. नवी केबल धुराड्याच्या पायापर्यंत पोचली आणि अडकली. तिथलं तुळईतलं भोक बारा वर्षांपूर्वी माझ्या करंगळीच्या अंदाजाने पाडलेलं होतं आणि जाड केबल त्यातून जाईना. उपाय मला ठाऊक होता. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधायची आणि जुनी ओढून काढायची. जुनी बाहेर येते, नवी तिच्या जागी जाते. भोक थोडं रुंद करून मी बाहेर आलो. बांधायचं काम मी शुक्रवार सकाळवर ढकललं. का ढकललं, याचं कारण मी स्वतःला अंधार पडला असं दिलं. वास्तविक बाहेर अजून ऊन होतं.

शुक्रवारी बोट डेव्हनपोर्टला लागली तेव्हा मी मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसलो होतो. बाबा गावात बेकरीकडे गेला होता. ब्रायनी येणार म्हणजे करीतले शिंपले भरलेली गरम पॅटिस हवीत, आणि ती साडेआठनंतर संपतात. घरात मी एकटाच होतो. प्रकाश बोळातून आला, जमिनीवरून सरकला आणि सॉकेटवर थांबला.

जुनी केबल ओढण्यासाठी सॉकेट उघडणं भाग होतं. मी दोन स्क्रू काढले आणि पट्टी पुढे ओढली. तपासणी यंत्र लावायची वेळच आली नाही. तपकिरी तार जोडाच्या अगदी अलीकडे कापली गेलेली होती. पूर्ण नाही, तांब्याचा एक केसभर धागा शिल्लक होता आणि तोही काळा पडला होता. बाकीच्या सात जागच्या जागी होत्या. कापाच्या खुणेवरून कळत होतं की वरचं आवरण योग्य हत्याराने सोललेलं नाही. ते बटाट्याच्या सुरीने सोललं होतं. बाबाच्या सुरीने. माझ्या हाताने.

 नाताळातले ते तीन दिवस मला आठवले: ब्रायनी या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली, पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत असलेली, आणि मी दारात उभा राहून म्हणालेला, की केबल जुनी आहे, काय करणार. ते मी किती सहज म्हटलं होतं. व्हॅनमध्ये ते पिवळं यंत्र तेव्हाही होतं. गावातल्या शेकडो सॉकेटना मी ते लावलं आहे.

मग मी टोक कापलं, आठही तारा नव्याने सोडवल्या, त्यांचा पीळ शक्य तितका राखला आणि नवा जोड केला. सॉकेट सरळ बसवला. यंत्र लावलं. आठ दिवे. वेगाचा आकडा आता तसा आला, जसा बारा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशीच यायला हवा होता. निळं वेटोळं मी व्हॅनच्या मागे टाकलं आणि त्यावर जुनी घोंगडी पांघरली. घराखाली राहिलेला नव्या केबलचा तुकडा मी ओढून घेतला. हे सगळं मी फार घाईने केलं.

बाबा पॅटिसची पिशवी घेऊन आला. "झालं का?"

"झालं."

ब्रायनी नऊच्या सुमारास आली. गाडी अंगणात वाकडी लावून ती आधी हीटरपाशी गेली आणि दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली. "बोटीवर एक माणूस रात्रभर घोरत होता. मी त्याचं ध्वनिमुद्रण केलं. मटनबर्ड पाखरांच्या बिळातला आवाज अगदी तस्साच असतो."

"तुझ्या बापाचं पण कर," बाबा म्हणाला. "फुकटात मिळेल."

तिने पेटी कपाटात ठेवली, संगणक मागच्या खोलीत लावला आणि एका अख्ख्या दिवसाचं चित्रण अलीकडे आणायला घातलं. आम्ही टेबलाशी बसलो. पॅटिस खाल्ली. बाबाने तिसऱ्यांदा चहा ओतला. ब्रायनीने मेलबर्नच्या घराबद्दल सांगितलं: खिडकीसमोर दुसरी खिडकी, आणि तिच्यात सदोदित एक सायकल. ती उठून आत गेली आणि दारातच उभी राहिली.

"आलं सगळं," ती म्हणाली. "फर्ग, तासाभरात आलं."

"दहाचा एक," बाबा म्हणाला. "बघितलंस? मी उगाच कुरकुर केली. नवी केबल ती नवी केबल."

मी ताटलीतला पॅटिसचा चुरा बोटाने गोळा केला. ब्रायनी माझ्या खुर्चीमागे आली आणि तिने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशी. "गप्प राहून कामं करतो हा. तुझ्यासारखा नाही, बाबा."

"आणखी वेगाची असते का?" बाबाने विचारलं.

"असते," मी म्हणालो. खरं म्हणजे ती माझ्या व्हॅनमध्ये घोंगडीखाली होती. "तासाची सहा-सात मिनिटं होतील. पेटीने साथ दिली तर."

"सहा मिनिटांत काय करायचं?" ब्रायनी म्हणाली. "पॅटिस पण गिळून होणार नाही. आणि त्यात कुठलं पाखरू चांगलं उडालं, हे तर मला डोळ्यांनीच बघावं लागतं. त्याला महिना लागतो. त्या केबलने होत नाही ते." तिने खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. "तास चांगला आहे. तासात माणूस समुद्रावर जाऊन येतो."

तिने पिशवीतून आपला कप काढला, नळाखाली धरला आणि खुंटीला टांगला. मग फोन हातात घेऊन बसली.

"घरमालकाला लिहिते," ती म्हणाली. "पण एक सांग मला, फर्ग, धंद्यातला माणूस म्हणून सांग. ही नवी केबल टिकेल ना? पुढच्या वर्षी पुन्हा दहा तास नाही ना व्हायचे? मी तुझ्या केबलच्या भरवशावर घर सोडतेय."

"टिकेल," बाबा म्हणाला. "माझ्या पोराची बारा वर्षांपूर्वीची अजून चालली असती, याने उगाच काढली."

"तुला नाही विचारलं."

"मग कागद माग त्याच्याकडे. काम झालं की दाखला द्यावा लागतो. मागच्या वेळी दिला नव्हता याने."

"मागच्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो," मी म्हणालो.

"सबबी नकोत. या वेळी कायदेशीर काम आहे. सहीनिशी पाहिजे. मी फ्रिजवर लावणार. ग्लेनिसला दाखवणार."

ब्रायनी हसली आणि तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. "आण कागद. वाचल्यावरच लिहीन त्याला."

मी व्हॅनपाशी गेलो. दाखल्यांचं पुस्तक पुढच्या सीटवर असतं. मागे घोंगडीखालून वेटोळ्याची निळी कड दिसत होती. मी ती झाकली नाही. अंगणात आता भरपूर ऊन होतं, साधं, साडेदहाचं, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही. त्यात मी थोडा वेळ उभा राहिलो. मला वाटलं की तोंडाने सांगावं. वाक्य जुळवून पाहिलं, पण त्याचा पहिला शब्दच सापडेना. मला बोलता येत नाही, हे या घरात सर्वांना माहीत आहे. बहुधा म्हणूनच आमच्यात इतकी वर्षं काही तुटल्याचं दिसलं नाही.

आत येऊन मी टेबलाशी बसलो. ग्राहकाचं नाव: मर्व्हिन बेस्विक, म्हणजे बाबा. पत्ता लिहिला, तारीख लिहिली, माझा नोंदणी क्रमांक लिहिला. बाबा चष्मा लावून वाट पाहत होता. त्याचा हात टेबलावर होता, आणि अंगठ्यावर सुरीच्या जुन्या बारीक रेघा होत्या. ब्रायनीच्या कपातून एक थेंब ओट्यावर पडला.

'केलेल्या कामाचं वर्णन' या ओळीखाली चार रिकाम्या ओळी असतात. एरवी मला एकच लागते. मी लिहिलं, आणि कागद फाडून दोघांच्या मध्ये सरकवला:

'नवीन केबल टाकलेली नाही. जुनी केबल उत्तम आहे आणि पुढची अनेक वर्षं पुरेल. मागच्या खोलीतल्या सॉकेटमधला एक जोड पहिल्या दिवसापासून चुकलेला होता. तो जोड मी केला होता.'